कालचा मुश्ताक बरोबर होता

'शब्द कुठे तोडावा हे ज्याला कळलं, त्याला माणसाचं मन कळलं.' आखातात, देरातल्या त्या ऑफिसच्या भिंतीवर हे वाक्य सोनेरी अक्षरांत, इंग्रजीत लावलेलं होतं. खाली कुठल्याही विचारवंताचं नाव नसल्यामुळे ते खरं असावं असं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे. त्या ऑफिसात नॉर्वेजियन भाषेतले शब्द तोडले जात. तोडणारी माणसं तीन होती आणि तिघांपैकी एकालाही नॉर्वेजियन येत नव्हती. मनाचा विषय त्यामुळे पुढे कधी निघाला नाही.

नॉर्वेची भाषा गोदीवर कंटेनरवर कंटेनर चढवावा तशी शब्दावर शब्द चढवते. मधे जागा सोडत नाही. तिथल्या माणसाला तो लांबलचक शब्द कुठे जोडलाय ते आपोआप कळतं, कारण त्याची आई तसं बोलत असते. संगणकाला आई नसते. त्याच्याकडून असा शब्द मोठ्याने म्हणवून घ्यायचा तर कोणीतरी त्याला सांगावं लागतं, की बाबा रे, इथे पहिला भाग संपला, इथे जरा थांब, जोर अमुक ठिकाणी दे. हे काम नॉर्वेतली माणसं करू शकली असती, पण ती महाग पडतात आणि चार वाजता घरी जातात. म्हणून ते काम देरात, सूटकेसच्या दुकानावरच्या मजल्यावर आलं होतं.

मुश्ताक होडेकर तिथला सगळ्यात जुना माणूस. दाभोळचा, रत्नागिरीच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झालेला, आणि त्या बी.ए.चा आयुष्यात कधी उपयोग होईल ही आशा आखातात आल्यावर विमानतळावरच सोडून दिलेला. मधली वर्षं हॉटेलच्या बुकिंगमध्ये गेली. मग हे काम मिळालं आणि एकदम समासाचा विग्रह कामाला आला. मुलाखतीत त्याने समास म्हणजे काय ते इतकं रंगवून सांगितलं, की सुपरवायझर अर्सलानने, जो मूळचा कराचीचा, "बस, बस, आप तो प्रोफेसर हैं" म्हणून त्याला तिथल्या तिथे घेतलं.

कामाची पद्धत लोकशाहीची होती. प्रत्येक शब्द तिघांकडे वेगवेगळा जाई आणि दोघांचं जमलं की उत्तर बरोबर. तिघांचं जमलं तर तो शब्द 'गोल्ड', म्हणजे सोन्याचा. मग पुढे त्या सोन्याच्या शब्दावर बाकीच्यांची परीक्षा होई. तीन माणसं वेगवेगळी बसून एकच चूक कशी करतील, असा त्यामागचा विचार. ज्याने तो केला, तो शाळेत नेहमी पहिल्या बाकावर बसला असणार.

कारण तीन माणसं वेगवेगळी बसत नव्हतीच. एका टेबलाभोवती बसत. नीलेश साळवी गुहागरचा, आधी साइटवर स्टोअरकीपर होता, खोलीत सहा जणांबरोबर राहायचा. इथे नवा आला तेव्हा स्क्रीन बघून त्याला घाम फुटला. शुभ्रा देवस्थळी ठाण्याची, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, घरात बसून कंटाळली म्हणून नोकरीला लागली. तीही पहिल्या दिवशी रडकुंडीला आली. मुश्ताकला दया आली. "घाबरू नका," तो म्हणाला. "मी मोठ्याने म्हणतो, तुम्ही क्लिक करा." गावचा माणूस अडला तर आपण सांगायचं, यात त्याला काही गैर वाटलं नाही, आणि घेणाऱ्यांनाही वाटलं नाही. झालं. त्या दिवसापासून ऑफिसात पाढे सुरू झाले.

"नो-दुत-गांग," मुश्ताक म्हणे.

"गांग," नीलेश म्हणे आणि क्लिक करी.

"गांग," शुभ्रा म्हणे आणि क्लिक करी.

"गा-सालार्म."

"सालार्म."

"सालार्म. मुश्ताकभाई, हे आपल्या सलामासारखं वाटतं नाही?"

"तुम्ही क्लिक करा, सलाम संध्याकाळी करा."

मुश्ताकचा नियम एकच होता. व्यंजन एकटं राहू शकत नाही, ते पुढच्या स्वराच्या हाती द्यावं. बाराखडीत वाढलेल्या माणसाला ही साधी माणुसकी वाटते. नॉर्वेच्या लोकांना ती वाटत असेल का, हे विचारायला तिथे नॉर्वेचं कोणी नव्हतं. तिघांची मतं दर वेळी जमत, शब्दामागून शब्द सोन्याचा होई, आणि टीमचा स्कोर इतका वर गेला की अर्सलानने त्याचा स्क्रीनशॉट छापून भिंतीवर सोनेरी वाक्याच्या शेजारी लावला.

एका गुरुवारी क्लायंटकडच्या बाईंनी व्हिडिओवर येऊन टीमचं कौतुक करायचं ठरवलं. अर्सलानने समोसे मागवले. पडद्यावर हिल्डे मॅडम आल्या. पांढरे केस, मागे खिडकी, खिडकीत बर्फ. इंग्रजी सावकाश बोलत होत्या, लहान मुलांशी बोलतात तसं.

"तुम्ही किती महत्त्वाचं काम करता हे तुम्हाला सांगायला मी आले आहे," त्या म्हणाल्या. "हे शब्द कशासाठी आहेत माहीत आहे?"

कोणालाच माहीत नव्हतं. नीलेशला ते दुकानाच्या जाहिरातीसाठी असावेत असं वाटत होतं.

"जहाजांसाठी. धोक्याच्या सूचना देणारा, बाईचा आवाज. गेल्या वर्षी आमच्या एका जहाजावर फार दुःखद घटना घडली. दोन माणसं गेली. आम्ही तेव्हाच ठरवलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. पहिला आवाज एका जहाजावर गेलासुद्धा. हे बघा."

पडद्यावर जहाजाचा फोटो आला. नारिंगी रंग, पांढरी पट्टी, नाकाजवळ 'हावग्लिम' असं नाव. मुश्ताकच्या हातातला समोसा हातातच राहिला. हा रंग, ही पट्टी त्याच्या घरात, बायकोच्या, खतीजाच्या फोनमध्ये होती. खतीजाचा भाऊ हमदुल्ला अशाच एका जहाजाच्या कठड्याला टेकून, काळा चष्मा लावून उभा होता. त्याच कंपनीचं दुसरं जहाज. दोन गेले म्हणतात त्यांतला दुसरा तो.

त्या जहाजावरची एक टाकी रिकामी होती. बंद लोखंडी टाकीत गंज आतली हवा खाऊन टाकतो आणि त्याला वास येत नाही. एक फिलिपिनो खलाशी उतरला आणि पडला. हमदुल्ला त्याला काढायला उतरला. वरून हाका मारल्या म्हणतात. कुठल्या भाषेत मारल्या ते कोणी सांगितलं नाही. कंपनीने त्यानंतर दोन गोष्टी केल्या. मय्यत दाभोळला पोचवली, आणि आवाजाची ऑर्डर दिली.

आणि 'हावग्लिम'वर सध्या मुश्ताकचा सख्खा धाकटा भाऊ ओवेस होता. इंजिनरूममध्ये ऑइलर. हमदुल्लानंतर घरात सगळ्यांनी नको म्हटलं, पण समुद्रावर जाणाऱ्या घरातली माणसं नको म्हणतात आणि बॅग भरून देतात.

"मी तुम्हाला काही शब्द वाचून दाखवते," हिल्डे मॅडम म्हणाल्या. "तुमचीच मेहनत आहे." आणि त्यांनी वाचलं. "नोद. उत्गांग. म्हणजे संकटात बाहेर पडायची वाट. गास. अलार्म. हे तर तुम्हालाही कळेल."

कळलं. मुश्ताकला फारच नीट कळलं. 'नोद' म्हणजे संकट हा एक डबा, 'उत्गांग' म्हणजे बाहेरची वाट हा दुसरा. 'गास' आणि 'अलार्म'. शाळेच्या पोराला दिसलं असतं. त्याने व्यंजन उचलून पलीकडच्या डब्यात टाकलं होतं आणि दोन्ही डबे फोडले होते. मॅडमना ते दिसलं नाही, कारण त्यांनी तुकडे पाहिलेच नाहीत. अख्खा शब्द वाचला. त्यांना आई होती.

"शुक्रन, मॅडम, शुक्रन," अर्सलान म्हणत होता. "द टीम इज व्हेरी मोटिव्हेटेड."

मुश्ताक घरी अल मजाजला आला तेव्हा खतीजा मासे तळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, गॅस बंद केला आणि सोफ्यावर येऊन बसली. हमदुल्ला गेल्यापासून ती एखादी गोष्ट ऐकताना आधी बसायची.

"म्हणजे तो आवाज चुकीचं बोलतो?" तिने विचारलं.

"चुकीचं म्हणजे… शब्द फुटतो. आता तू 'आग लागली' ऐवजी 'आ गला गली' ऐकलंस तर?"

"मी बघायला जाईन कोण वेडं झालंय ते."

"तेच. तेवढ्या वेळात माणूस टाकीत असतो."

मुलगी झारा बारावीला होती. लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "बट अब्बा, डझ ओवेस चाचू इव्हन नो नॉर्वेजियन?"

"त्याला कशाला कळायला पाहिजे?" मुश्ताक म्हणाला. "साहेब लोक नॉर्वेचे असणार. त्यांना कळलं की ते खालच्यांना ओरडून सांगतील. जगाची रीतच ती आहे. आधी वरच्याला कळतं, मग खालच्याला."

"ओके," झारा म्हणाली. त्या वयात 'ओके'चा अर्थ काहीही असू शकतो, म्हणून मुश्ताकने तो शोधला नाही.

खतीजाने उठून तव्यावरचे मासे ताटात काढले. मग म्हणाली, "माझ्या भावाला नीट हाक मारणारं कोणी नव्हतं. तुमच्या भावाला तरी नीट हाक जाऊ दे."

"नोकरीवर येईल, खतीजा."

"नोकरीवर काय येतं? चूक सुधारली तर कोण काढतं? बक्षीस देतील."

तिचा हा विश्वास पाहून मुश्ताकला तिची दया आली, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना थोडा त्याला स्वतःलाही तो विश्वास वाटायला लागला.

सुधारणा करायची सोय होती. जुना शब्द पुन्हा उघडून नवं उत्तर देता येई. फक्त त्यावर पुन्हा तिघांचं मत घेतलं जाई. मुश्ताकने संकटाचे तेवढे शब्द शोधून काढले आणि टेबलावर मांडणी केली. "नीलेश, शुभ्रा, आज पाढे उलटे म्हणायचेत. नोद, उत्, गांग."

नीलेशने माऊसवरचा हात काढला. "म्हणजे आधीचं चुकलं होतं?"

"चुकलं होतं."

"सगळं?"

"सगळ्याचं नंतर बघू. आधी जीव जाणारे शब्द."

शुभ्राने लगेच क्लिक केलं. ती वाईट नव्हती. नीलेशनेही केलं. तोही वाईट नव्हता. तिघांनी मिळून अलार्म, वाट, टाकी, होडी, जाकीट असे शब्द जोडाजोडीच्या जागी तोडले, आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत तिघांच्या स्क्रीनवर लाल पट्टी आली. तुमची उत्तरं गोल्डशी जुळत नाहीत, कृपया लक्ष देऊन काम करा.

गोल्ड म्हणजे अर्थातच मुश्ताकची जुनी उत्तरं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

नीलेशचा स्कोर आयुष्यात पहिल्यांदा लाल झाला होता. त्याने पट्टीकडे पाहिलं, मग मुश्ताककडे. "मुश्ताकभाई, राग मानू नका. माझी प्रोबेशन अजून संपली नाही. रुपालीशी साखरपुडा झालाय, तिच्या घरच्यांना सांगितलंय ऑफिसात काम करतो म्हणून. परत साइटवर गेलो तर…"

"अरे, पण जीव…"

"साइटवरही जीवच जातात," नीलेश म्हणाला. "तिथे फक्त कोणी शब्द तोडत नाही." आणि त्याने नो-दुत-गांग क्लिक केलं.

शुभ्रा चहाच्या वेळेपर्यंत टिकली. मग नवऱ्याचा फोन आला, ती बाहेर जाऊन बोलली, आत आली आणि खाली बघून म्हणाली, "सॉरी, सर." तिने त्याला याआधी कधी सर म्हटलं नव्हतं. त्यावरून मुश्ताकला कळलं की संपलं.

एकटा मुश्ताक राहिला. तो नोद-उत्गांग म्हणे आणि दोन मतांनी हरे. तो गास-अलार्म म्हणे आणि दोन मतांनी हरे. ती दोन मतंही त्याचीच होती, जुनी, पाठ केलेली. लोकशाहीत माणूस विरोधकाकडून हरतो. मुश्ताक स्वतःच्या पूर्वायुष्याकडून हरत होता, आणि पूर्वायुष्याला बहुमत होतं.

सोमवारी अर्सलानने त्याला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. अर्सलान वाईट माणूस नव्हता, सुपरवायझर होता. त्याने आधी चहा मागवला.

"होडेकर साहब, यह क्या हो रहा है? आप मेरे बेस्ट रिसोर्स थे। अब आपका स्कोर देखिए।"

"अर्सलानभाई, पुराना सब ग़लत है। गोल्ड ही ग़लत है। वो मैंने बनाया था।"

"मैंने?" अर्सलानने दार बंद आहे ना ते पाहिलं. "आपने अकेले? तीन लोगों का इंडिपेंडंट जजमेंट था।"

मुश्ताकने काचेतून टेबलाकडे पाहिलं. खरं सांगितलं तर नीलेश आणि शुभ्राही जातील, हे त्याला दिसत होतं. "तीन का ही था," तो म्हणाला. "लेकिन तीनों ग़लत थे।"

"चलो मान लिया। आज आप सही हैं।" अर्सलान पुढे वाकला. त्याच्या आवाजात खरोखरच सहानुभूती होती. "मगर सिस्टम के हिसाब से कल वाला मुश्ताक सही था। अब मैं कल वाले मुश्ताक की सुनूँ या आज वाले की? कल वाले का स्कोर निन्यानवे है, हबीबी।"

"मॅडम से पूछ लीजिए। एक बार मॅडम को दिखा दीजिए।"

"क्लायंट को बोलूँ कि अब तक का सारा गोल्ड पीतल है? पूरा ऑफिस बंद हो जाएगा। खलास।"

त्याच दुपारी मुश्ताकने हिल्डे मॅडमना गुरुवारच्या मीटिंगच्या चॅटमध्ये लिहिलं. तिथे अजून आत जाता येत होतं. नम्र इंग्रजीत, मुद्देसूद, शब्द आणि त्यांच्या तोडीच्या जागांसकट. दुसऱ्या दिवशी खाली एक अंगठा आणि एक फूल उमटलं, आणि वाक्य आलं, 'तुमचा उत्साह पाहून आनंद वाटला, मुश्ताक! तुमच्या टीम लीडरशी जरूर बोला.' उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी जवळपास असावा लागतो. मॅडमचा उंट बर्फात होता.

टीम लीडरशी पुढचं बोलणं थोडक्यात झालं. क्वालिटीच्या कारणावरून करार संपला. त्याच्या खुर्चीवर पेशावरचा एक नवा माणूस आला. त्याची परीक्षा गोल्डवर झाली आणि तो पहिल्याच दिवशी नापास झाला, म्हणून नीलेशने त्याला सांगितलं, "घाबरू मत। मैं बोलता हूँ, तू क्लिक कर।"

आखातात नोकरी गेली की माणूस तिथून जातो, यात रागवायचं कोणावर असा प्रश्न नसतो. व्हिसा जातो, मुलीची शाळा जाते, फ्लॅट जातो, आणि बिछान्याचं खोकं बाल्कनीत उभं राहतं. झाराचं बारावीचं वर्ष अर्ध्यावर होतं. तिने इंटरनेटवर रत्नागिरीतली कॉलेजं पाहिली, फोटो पाहिले आणि लॅपटॉप बंद केला.

"झारा, बेटा," मुश्ताक म्हणाला, "एक वर्षाचा प्रश्न आहे. इन्शाल्ला…"

"इट्स फाइन, अब्बा."

"फाइन नाही, मला माहीत आहे."

"देन व्हाय आर यू आस्किंग?"

खतीजाने भांड्यांच्या खोक्याला टेप मारला. "तिच्याशी वाद घालू नका. काम चांगलंच केलंत तुम्ही." मग बराच वेळ टेपचं टोक शोधत राहिली. ते टोक कधी सापडत नाही. "बक्षीस देतील म्हणाले होते मी," ती म्हणाली, आणि आत गेली. आत पाण्याचा नळ सुरू झाला आणि पुष्कळ वेळ सुरूच राहिला.

निघायच्या आदल्या आठवड्यात ओवेसचा फोन आला. 'हावग्लिम' खोर फक्कान बंदराला लागलं होतं आणि एजंटने अर्ध्या दिवसाचा पास दिला होता. खतीजाने सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची चटणी केली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, डबा जुन्या टॉवेलात बांधला.

"टॅक्सी करू नका," ती म्हणाली. "दोनशे दिरहम सांगतात. म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये! बसने जा. आणि त्याला विचारा."

"काय विचारू?"

"तो आवाज ऐकू येतो का ते. कसा येतो ते."

बस डोंगरातून गेली. बोगदे संपले आणि एकदम समुद्र आला, निळा, सपाट, कोणाशीच देणंघेणं नसलेला. धक्क्यावरच्या क्रेन उंटांसारख्या माना वर करून उभ्या होत्या. फाटकाबाहेर चहाचं एक दुकान होतं. तिथे ओवेस प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आधीच बसलेला होता. नखांत काळं तेल, चेहऱ्यावर झोप.

"भाई, तू बारीक झालास."

"तू नाही झालास."

"बोटीवर दुसरं करायचं काय? खायचं आणि झोपायचं." त्याने डबा तिथेच उघडला, वास घेतला आणि डोळे मिटले. "वहिनीने सोडे घातले. अल्ला तिला जन्नत देवो."

"आधी तिला रत्नागिरीत घर देवो." मुश्ताकने त्याला सगळं सांगितलं. नोकरी गेल्याचं सांगितलं, कशामुळे गेली ते सांगितलं, हमदुल्लाचं नाव आलं तिथे जरा थांबला आणि मग पुढे सांगितलं. ओवेस भाकरी मोडता मोडता ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचं चावणं हळू झालं.

"माझ्यासाठी नोकरी घालवलीस?"

"तुझ्यासाठी नाही. शब्दासाठी. तू मधे होतास." मुश्ताकने चहाचा कागदी कप फिरवला. "मला एकच सांग. तुमच्या जहाजावर तो आवाज आहे ना? बाईचा?"

"बाईचा?" ओवेस हसला. "बोटीवर बाईचा आवाज असता तर मी सुट्टी मागितली असती का?" मग आठवलं. "थांब, थांब. ती पांढरी पेटी? मेसमध्ये आहे, जेवायच्या खोलीत. तिथून वायरी ओढल्यात खाली, टाक्यांपर्यंत. ती होय?"

"तीच. काय बोलते ती?"

"काय माहीत. बसवली त्या दिवशी एकदा बोलली. आम्ही सगळे जेवत होतो. कॅप्टन म्हणाला, हे काय आहे? चीफ म्हणाला, रेडिओ असेल."

मुश्ताकने कप खाली ठेवला. "कॅप्टन नॉर्वेचा ना?"

"युक्रेनचा. चीफ इंजिनियर बर्माचा. आम्ही चौघं रत्नागिरी-रायगडचे, बाकी फिलिपिनो."

"मग नॉर्वेचं कोण आहे?"

ओवेसने खरोखर विचार केला. भाऊ इतक्या लांबून आला होता, नोकरी घालवून आला होता, त्याला काहीतरी द्यावं असं त्याला वाटत असणार. "रंग," शेवटी तो म्हणाला. "रंगाचे डबे नॉर्वेहून येतात."

पलीकडे एक कंटेनर वर गेला, हवेत थांबला आणि दुसऱ्यावर बसला. दुकानदाराने टेबल पुसलं. मुश्ताकला नोद आठवलं, उत्गांग आठवलं, दोन मतांनी हरलेला प्रत्येक शब्द आठवला. बाल्कनीतलं खोकं आठवलं, झाराचं 'ओके' आठवलं. पोरीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि त्याने तिला जगाची रीत समजावून दिली होती.

"टाकीत कधी उतरायचंय तुला?" त्याने विचारलं.

"उद्या. गंज खरवडायचाय. आमचा मुकादम, बोसन म्हणतो, झाकण सकाळी उघडलं की दुपारपर्यंत हवा येते." ओवेसने टॉवेलाची गाठ बांधली. "मीटर आहे एक हवा मोजायचा. बॅटरी मागवलीय. तू काळजी करू नको."

"हमदुल्लाच्या वेळीही मागवली असेल."

"असेल," ओवेस म्हणाला. तो ही गोष्ट उगाच नाकारत नव्हता.

फाटकाकडे गाडी आली. एजंटचा माणूस आतूनच ओरडला, "यल्ला, यल्ला." ओवेस उठला, डबा काखेत धरला, आणि दोघा भावांनी मिठी मारली. मुश्ताकने त्याला सोडलं नाही.

"ओवेस, ऐक. उद्या उतरशील तेव्हा ती पेटी चालू ठेवायला सांग. काही का बोलेना. कोणाला कळलं नाही तरी आवाज तर होईल. माणूस आवाजाने वर बघतो."

"भाई, चालू कशी ठेवणार?" ओवेस म्हणाला. "मेसमध्ये सॉकेट एकच आहे. तिथे राइस कुकर लावलाय."